पहिली बंदूक: आजोबांची दुनळी, ओव्हर-अंडर की अर्धस्वयंचलित?

निफाड-दिंडोरीकडच्या काही जुन्या घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) दुनळी आजही असते. अशा घरातल्या कुणाला क्ले नेमबाजीची, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर नेम धरण्याची आवड लागली, की पहिला प्रश्न हाच येतो: हीच बंदूक नावावर करून घ्यावी की नवी घ्यावी? आमच्या घरीही आजोबांची अशी दुनळी होती. त्या बंदुकीवर माझे फार प्रेम असले, तरी माझे मत सरळ आहे: नवशिक्याने सुरुवात बारा बोअरच्या ओव्हर-अंडरवर, म्हणजे एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीवर करावी.

आडव्या दुनळीचा फायदा उघड आहे. ती घरात आहे आणि वजनाला हलकी आहे. परंतु हेच हलकेपण मैदानावर आड येते, कारण त्याच काडतुसाचा धक्का हलक्या बंदुकीतून खांद्याला अधिक बसतो आणि दिवसभरात पन्नास-शंभर फैरी झाडताना तो सोसवत नाही. शेजारीशेजारी असलेल्या नळ्यांमुळे नजरेसमोर रुंद पट्टा येतो, तर ओव्हर-अंडरमध्ये एकच अरुंद रेघ दिसते आणि उडत्या क्लेच्या पुढे नळी नेताना ती रेघ फार उपयोगी पडते. जुन्या बंदुकीबाबत याहून गंभीर गोष्ट म्हणजे चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या खोबणीची लांबी. जुन्या दुनळीचे चेंबर 65 मिलिमीटरचे असू शकते. त्यात आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस बसते खरे, पण उडाल्यावर उलगडायला त्याच्या तोंडाला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून जाणत्या बंदूक कारागिराने चेंबर मोजून आणि नळ्यांचा गंज तपासून दिल्याशिवाय ती मैदानावर नेऊ नये. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या बंदुकीबाबत तर मुळीच नाही.

अर्धस्वयंचलित, म्हणजे फैर झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीचा धक्का सौम्य असतो, कारण वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीत त्या धक्क्याचा काही भाग यंत्रणेतच जिरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती स्पर्धेत चालते. दर फैरीनंतर हाताने मागेपुढे ओढावी लागणारी पंप-अ‍ॅक्शन मात्र चालत नाही. तरीही नवशिक्याला मी ती सुचवणार नाही. तिला नळी एक, म्हणून दोन्ही फैरींना चोक (छर्रे किती पसरतील हे ठरवणारा नळीच्या तोंडाचा आवळ) एकच. आणि रिकामे काडतूस बाजूला उभ्या असलेल्या नेमबाजाकडे उडते. ओव्हर-अंडर सांध्यात उघडून हातावर घेतली, की ती रिकामी आहे हे वीस पावलांवरून कुणालाही दिसते. शिकण्याच्या काळात या एका गुणाचे मोल मी सर्वांत जास्त धरतो. शिवाय आपल्या शस्त्र नियमांत अर्धस्वयंचलित बंदूक साध्या दुनळीपेक्षा कडक गटात मोडते.

बोअरबाबत फार विचार करण्याचे कारण नाही. स्पर्धेत काडतुसातील छर्रे 24 ग्रॅमपुरते मर्यादित असतात आणि तेवढा भार बारा बोअरच्या जड बंदुकीतून सुसह्य वाटतो. वीस बोअरची काडतुसे आपल्याकडे शोधावी लागतात. दोन्ही घरात असतील तर एक जपावे: वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि त्यामागे बाराचे भरून चाप ओढला, तर नळी फुटते. म्हणूनच वीसचे काडतूस पिवळ्या रंगाचे करतात.

खरा वेळ द्यावा तो दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला. छर्‍याच्या बंदुकीला मागची माशी, म्हणजे नेम धरायची मागची खूण नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळाच, आणि गाल दस्त्यावर कुठे टेकतो त्यावर तो डोळा कुठे येईल हे ठरते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग उघडावे: नळीवरचा मधला मणी आणि पुढचा मणी एकावर एक बसून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दिसले, तर ट्रॅप या क्ले नेमबाजीच्या प्रकारासाठी उंची बरोबर आहे. मणी न दिसता नुसता बंदुकीचा मागचा भाग डोळ्यासमोर आला, तर दस्ता तुमच्यासाठी खाली आहे. नाक आणि अंगठ्याचे मूळ यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. नाहीतर दहाव्या फैरीला अंगठा नाकावर आदळतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर तेही आधीच तपासून घ्यावे.

ट्रॅपमध्ये क्ले समोरून दूर आणि वर जाते, म्हणून तिथे 76 सेंटिमीटरची नळी, घट्ट चोक आणि जरा वर मारणारा दस्ता घेतात. स्कीट या दुसऱ्या प्रकारात ते जवळून आडवे जाते, म्हणून 71 सेंटिमीटरच्या आसपासची नळी आणि मोकळा चोक पुरतो. प्रकार ठरला नसेल, तर बदलता येणारे चोक असलेली 76 सेंटिमीटरची बंदूक घ्यावी.

परवान्याचा अर्ज मात्र सर्वांत आधी करावा. नाशिक शहरात तो पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आजोबांची दुनळी वारसाने नावावर करायची असेल, तर परवानाधारकाचे वय 70 झाल्यावर किंवा त्यांनी ती 25 वर्षे बाळगल्यावर, त्यांच्या हयातीतही अर्ज करता येतो. निर्णय येईपर्यंत क्लबच्या दोन-तीन बंदुकांवर सराव करावा आणि ज्या दस्त्यावर मणी बरोबर जुळतात त्याची लांबी व उंची वहीत लिहून ठेवावी. दुकानात जाताना तीच वही सोबत न्यावी.