डकवीड आणि अझोला माशांना घालतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव

'पाण्यावर आपोआप वाढणारं फुकटचं खाद्य' हे ऐकून या वाटेला जाणार असाल, तर आधी एक हिशोब करा. अझोला आणि डकवीड या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पती; ओल्या असताना दोन्हींत 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. 10 किलो ओला अझोला वाळवला की हाती येतो जेमतेम पाऊण किलो. प्रथिनांचे जे आकडे सांगतात (अझोल्यात साधारण 20 ते 25 टक्के, चांगल्या पोसलेल्या डकवीडमध्ये 30 च्याही वर) ते सगळे वाळलेल्या वजनावरचे.

गवत्या माशाला (ग्रास कार्पला) मात्र हे वाळवणं-बिळवणं काही लागत नाही. पाइपची तरंगती चौकट करून त्यातच ओलं डकवीड सोडतो, नाहीतर वाऱ्याने ते तळ्यावर सगळीकडे पसरतं. सकाळी हिरवीगार असलेली चौकट दुपारी रिकामी! खालून ओठ लावून ओढतात, बारीक चपचप आवाज येतो. बोटुकलीलाही (बोटाएवढ्या पिल्लांनाही) डकवीड झेपतं, पान इवलंसं असतं ना. शिवाय गवत्याच्या विष्ठेने पाण्यात प्लवंग (तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात, त्याचा फायदा कटल्याला.

रोहूचं गणित वेगळं. वाळवून, दळून, पेंड-कोंड्यात मिसळून देतो. एकूण खाद्याच्या 15 ते 20 टक्क्यांपर्यंत वाढीत फरक दिसला नाही. त्यापुढे गेलं की वजन रेंगाळतं. तंतू जास्त आणि मेथिओनिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी, त्यामुळे फिशमीलची (माशांच्या भुकटीची) जागा हे पूर्णपणे घेऊ शकत नाही. कोणी 'बाजारचं खाद्य बंदच करा' म्हणालं तर ऐकू नका.

अझोला आणि डकवीड, दोघांच्या खोडी उलट्या आहेत. अझोल्याच्या पानात राहणारं अ‍ॅनाबीना हे निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र पकडून देतं, पण स्फुरद घालावाच लागतो; तो कमी पडला की अझोला लालसर होतो. अर्थात थंडीत किंवा कडक उन्हातही होतो, तेव्हा लाली दिसली की लगेच खत ओतू नका. डकवीडला नत्र पाण्यातूनच हवा. मी मूठभर उचलून मुळं बघतो. आखूड असली तर ठीक. लांबलचक लोंबत असतील आणि पान फिकट असेल तर ते उपाशी आहे, आणि अशा डकवीडमध्ये प्रथिनंही कमीच. दाटी झाली की वाढ थांबते, म्हणून काढत राहावं लागतं. ही रोजची मजुरी 'फुकट'मध्ये कोणी धरत नाही.

सांडपाण्यावर डकवीड जोमाने वाढतं, पण शिसं-कॅडमियमही शोषून घेतं. कारखान्याचं पाणी मिसळत असेल तिथलं माशांना घालू नका. जलपर्णीच्या नादी मी लागलोच नाही, ती खतालाच बरी.

सगळ्यात जास्त वैताग वाळवणीचा. सावलीत पातळ पसरून दोन वेळा उलटवावं लागतं, आणि ढगाळ हवेत दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. बुरशी धरलेला माल माशांना नकोच. तसे दिवस असले की दळण बंद ठेवतो, ओलं गवत्याला आणि रोहूला नेहमीचं खाद्य.