चाखायला दिली ब्रुनेल्लो, घरी आली भलतीच

इटलीत तोस्कानाला जाणाऱ्यांनी, त्यातही सिएनाच्या आसपास "आमच्या व्हॅननं नेतो, वाइन चाखवतो, घरपोच पाठवतो" असं सांगणारी सहल घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

आम्ही म्युनिकला असतो. 2024 च्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते, त्यांना घेऊन गेलो होतो. अण्णांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. त्यामुळे हॉटेलच्या काउंटरवर "मोंताल्चिनोचे मळे, येणं-जाणं मोफत" असं पत्रक दिसल्यावर दुसरं काही बघायचा प्रश्नच नव्हता. मोंताल्चिनो हे सिएनाच्या दक्षिणेला टेकडीवर वसलेलं गाव, ब्रुनेल्लो वाइनचं गाव. मळ्यात अण्णा खूप रमले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, तिथे हिवाळ्यात एकदाच, हे ऐकून त्यांनी माझ्यामार्फत इतके प्रश्न विचारले की माहिती देणारा माणूसही खूश झाला.

त्या माणसानं सांगितलेलं सगळं खरं होतं, हे मुद्दाम लिहिते. ब्रुनेल्लो पूर्णपणे सांजोव्हेजे या एकाच द्राक्षाची असते. किमान दोन वर्षं लाकडी पिंपात मुरते. काढणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी ती विकताच येत नाही. आम्हाला ग्लासात मिळाली तीही 2019 ची अस्सल ब्रुनेल्लो. बाटली माझ्यासमोर उघडली, गळ्यावरची सरकारी पट्टी फाडताना मी पाहिली. 48 युरोची एक, अशा बारा बाटल्या आम्ही सांगितल्या. भारतात जाताना माणशी दोन लिटर नेता येतात, म्हणजे आई-अण्णांना दोन-दोन, बाकी आम्हाला. कार्डाचा व्यवहार झाल्यावर पाठवणीची पावती आणि बिल एकाच बंद पाकिटात हातात आलं.

पेटी घरी आली. बाहेर मोठ्या अक्षरांत मोंताल्चिनो, खाली तिथल्या किल्ल्याचं चित्र. आत तोच साईच्या रंगाचा कागद, तीच नक्षी, तसंच गडद लाल टोपण. बाटली हातात घेऊन अण्णा चष्म्यातून निरखत बसले आणि म्हणाले, "अगं, पाच वर्षं म्हणाला होता ना तो? मग ही एकवीसची आत्ताच कशी आली?"

2021 ची ब्रुनेल्लो 2026 च्या जानेवारीआधी बाजारात येऊच शकत नाही. मी लेबल नीट वाचलं. ब्रुनेल्लो हा शब्द कुठेच नव्हता. बारीक अक्षरांत "तोस्काना, इंदिकात्सिओने जेओग्राफिका तिपिका" एवढंच, म्हणजे आयजीटी, नुसत्या प्रदेशाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या वाइनचा वर्ग. गळ्यावर पट्टी नाही. आणि पाकिटातल्या बिलावर इटालियनमध्ये "व्हीनो रोस्सो तोस्काना", म्हणजे नुसती तोस्कानाची लाल वाइन. म्हणजे दुकानात ब्रुनेल्लो दाखवायची, तिचाच भाव घ्यायचा आणि कागदावर आधीपासून दुसरंच लिहून ठेवायचं. अशी साधी तोस्काना तिथल्या सुपरमार्केटात आठ-दहा युरोला मिळते.

दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं: "मॅडम, तिन्यानेल्लोसुद्धा तोस्काना आयजीटीच आहे!" मला सगळ्यात जास्त चीड याची आली, कारण हेही खरं आहे. तिन्यानेल्लो जगप्रसिद्ध आहे, महाग आहे आणि तोस्काना आयजीटी म्हणूनच विकली जाते. आयजीटीत सबंध तोस्काना प्रांत येतो. किमान 85 टक्के द्राक्षं तिथली हवीत, पण काबेर्ने, मेर्लो अशा कितीतरी जाती चालतात. नियम सैल असल्यानं काही मोठे उत्पादक मुद्दाम तो वर्ग निवडतात आणि आपल्या नावावर भाव मिळवतात. पण त्याच वर्गात साधी वाइनही येते. त्या चांगल्या लोकांची पुण्याई सांगून आमच्या माथी दहा युरोचा माल मारायचा, ही सरळसरळ लबाडी झाली.

तेव्हा कार्ड पुढे करण्याआधी बिल मागा आणि त्यावर वाइनचं पूर्ण नाव आणि साल लिहून घ्या. पेटी आपल्यासमोर भरायला लावा. ब्रुनेल्लो, कियांती क्लासिको, बारोलो या वाइन डीओसीजी, म्हणजे इटलीतल्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या. त्यांच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर इटलीच्या सरकारी टांकसाळीत छापलेली क्रमांकाची पट्टी असतेच. ती नसेल तर पुढे बोलायचंच नाही. आणि भाव फार उतरला असेल तरी जपा. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या आर्थिक पोलिसांनी सास्सिकाइया या तोस्कानाच्याच महागड्या वाइनची नक्कल बनवणारी टोळी पकडली. वाइन सिसिलीची, बाटल्या तुर्कस्तानच्या, लाकडी पेट्या बल्गेरियाच्या, आणि भाव मूळच्यापेक्षा 70 टक्के कमी.

आमच्या उपयोगी पडली ती एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. युरोपीय संघात दुकानदारानंच माल खपवायला सहल काढली असेल, तर तिथली खरेदी दुकानातली खरेदी धरत नाहीत. माल हातात आल्यापासून किमान 14 दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो, आणि हा हक्क त्यानं कळवलाच नसेल तर मुदत आणखी वर्षभर वाढते. व्हॅन त्याची, पत्रक त्याचं. मी पत्रक, बिल आणि बाटल्यांचे फोटो जोडून त्याला लेखी कळवलं, कार्ड कंपनीकडे हरकत नोंदवली आणि जर्मनीतल्या युरोपीय ग्राहक केंद्राकडे तक्रार दिली. ही केंद्रं संघातल्या प्रत्येक देशात आहेत, पैसे घेत नाहीत आणि समोरच्या देशातल्या केंद्रामार्फत दुकानदाराला गाठतात. केंद्राचं पत्र गेल्यावर त्याचा सूर बदलला. एक बाटली आम्ही उघडली होती, तिचे पैसे कापून बाकीचे परत आले, पेटी त्याच्याच खर्चानं गेली. सुरुवातीच्या पाठवणीचे 60 युरो तो अजून देत नाही. कायद्यानं तेही त्याच्याकडेच निघतात, म्हणून तक्रार मी बंद केलेली नाही.