आधी चित्र, मग नाव : साओ पाउलोच्या ‘मास्प’मधील मारिया आउसिलियादोरा

साओ पाउलोच्या पाउलिस्ता मार्गावरील ‘मास्प’ (साओ पाउलो कला संग्रहालय) हे संग्रहालय युरोपीय चित्रांसाठी नावाजलेले असले, तरी मी ते सुचवीन ते मारिया आउसिलियादोरा दा सिल्वा (१९३५–१९७४) या आफ्रिकी वंशाच्या ब्राझिली चित्रकर्तीसाठी.

येथील मुख्य दालनात चित्रे भिंतींवर नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवलेल्या काचेच्या उभ्या फलकांवर ती लावलेली असून चित्रकाराचे नाव आणि वर्ष फलकाच्या मागे वाचावे लागते. वास्तुरचनाकार लिना बो बार्डी यांची ही १९६८ची मांडणी १९९६मध्ये हटवली गेली आणि २०१५मध्ये परत आली, हे फार बरे झाले. चित्र कोणाचे आहे हे कळण्याआधीच ते आपल्याला धरून ठेवते की नाही, याचा निवाडा येथे होऊन जातो. आउसिलियादोराला याची विशेष गरज आहे, कारण कलाशिक्षण न घेतलेली, लहानपणीच शाळा सोडून घरकामाला लागलेली ही बाई समीक्षकांच्या लेखी बराच काळ केवळ ‘भाबडी’ आणि ‘आदिम’ होती.

तिच्या चित्रांत भाबडे काय आहे, हे मला तरी दिसले नाही. आईकडून शिकलेल्या भरतकामाची शिस्त तिच्या रंगकामात सरळ उतरली आहे : झग्याची फुले, झालरी, नक्षी यांचा एकेक ठिपका मोजूनमापून ठेवलेला दिसतो. त्याहून विलक्षण म्हणजे लगदा वापरून ती आकृत्यांना उठाव देते आणि काही ठिकाणी स्वतःच्या डोक्याचे केस त्यात मिसळते. ज्या केसांवरून काळ्या स्त्रियांची हेटाळणी झाली, तेच तिने चित्राचे साहित्य केले, हा विचार मनातून जात नाही. हा उठाव छायाचित्रात सपाट होऊन जातो. म्हणून चित्रापुढे थोडे तिरके उभे राहावे.

‘वधूचे अंत्यदर्शन’ हे १९७४चे, म्हणजे कर्करोगाने तिचा मृत्यू झाला त्याच वर्षीचे चित्र. विषय शोकाचा असूनही रंग जराही मंद झालेले नाहीत, आणि मला तेच अधिक अस्वस्थ करणारे वाटले. चेहरे मात्र तिच्याकडे पुष्कळदा एकाच साच्याचे असतात. व्यक्तिचित्रणाची अपेक्षा ठेवणाऱ्याची थोडी निराशा होईल.

दालनातील चित्रे अधूनमधून बदलत असल्याने तिची कोणती चित्रे सध्या मांडलेली आहेत, हे आधी विचारून घ्यावे. सोमवारी संग्रहालय बंद असते. मंगळवारी प्रवेश विनामूल्य असतो, पण चित्राच्या मागेपुढे निवांत फिरायचे असेल तर तिकीट काढून दुसऱ्या दिवशी जाणेच मी पसंत करीन.