तणस की नारळाचे चिप्स? नवतपा लागायच्या आत ठरवा

उन्हाळ्यात वाफ्यातल्या मातीवर आच्छादन करावं की नाही, हा नागपुरात प्रश्नच नाही. मेमध्ये पारा 45 च्या घरात गेला की आपल्या काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सकाळचं पाणी दुपारी शोधूनही सापडत नाही. प्रश्न असतो तो वाफ्यावर टाकायचं काय याचा. मी दोन उन्हाळे नारळाच्या सोडणांचे चिप्स वापरले. यंदा तणसाचं, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांचं, दुसरं वर्ष.

पांढरे गोटे आधीच बाजूला ठेवले. शेजारी आहेत, दिसतात छान. पण रात्री जेवून त्यावरून अनवाणी चालून बघा, दिवसभराची आग तळपायाला कळते. निवडुंगाला चालतील. मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद, मिरची-टरबुजाच्या शेतात, खाली ठिबक असेल तर ठीक. जास्वंदीभोवती नको वाटतो.

चिप्सबद्दल तक्रार करायला जीभ रेटत नाही. रंग सुंदर, तण जवळजवळ नाही, एकदा टाकले की दोन वर्षं तरी बघायला नको. सोडणात क्षार असतात म्हणून ड्रममध्ये दोनदा भिजवून चहासारखं पाणी ओतून द्यावं लागतं, एवढीच काय ती मेहनत. ज्यांचं अंगण सपाट आहे आणि पाणी कुठंच तुंबत नाही, त्यांनी खुशाल तेच घ्यावेत.

आमचं अंगण तसं नाही. मिरगाच्या तोंडावर एका रात्री अंधड आला, अर्धा तास मुसळधार पडला, आणि वाफ्यातले चिप्स उठून चालायला लागले. नारळाचं सोडण तरंगतं हे शाळेतल्या पोराला माहीत असतं, मला त्या रात्री कळलं. विटांची कड ओलांडून सगळे पोर्चमध्ये, तिथून नालीच्या जाळीवर. जाळी बुजली, पाणी चढलं, चपला गाडीखाली गेल्या. रात्री अकरा वाजता मी हाफपँटमध्ये, हातात सूप, चिप्स उपसतोय. पुढच्या वर्षी विटांचा आणखी एक थर चढवला. चिप्स त्याच्यावरूनही गेले. झाडांना त्यांनी काही त्रास दिला नाही, मला दिला.

तणसाच्या काड्या एकमेकींत अडकून बसतात. पहिल्या पावसानं ते उठत नाही, उलट दबून बसतं. माझ्या वाफ्यात भर उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी पुरतं. चिप्सच्या वेळी जवळपास तेवढंच पुरायचं, म्हणजे त्यात डावं-उजवं नाही.

तणसाचे दोष मात्र लपवत नाही. पहिले पंधरा दिवस येणारा-जाणारा विचारतो, ‘गोठा काढला का?’ गल्लीतली गाय फाटकातून मान घालून कडेचं ओढून नेते. खाली जाळी लावावी लागली. चुकार दाणे राहिले असतील तर धान उगवतं. आणि उधई लागते, म्हणून लाकडी चौकट किंवा भिंतीला टेकवून टाकू नका. गेल्या पावसात भिजून काळपटलेलं तणस मिळालं तर तेच मागा. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे भावही उतरतो. फक्त उलगडताना नाकाला रुमाल बांधा, बुरशीची धूळ उडते.

आता हिशेब. माझा वाफा 12 बाय 8, म्हणजे 96 चौरस फूट. चिप्सचा दोन इंची थर म्हणजे 16 घनफूट, साधारण 450 लिटर, 20 लिटरच्या बादलीनं बावीस-तेवीस बादल्या. दुकानदार किलोत भाव सांगेल, तुम्ही बोरी किती लिटरची ते विचारा, कारण ओला माल वजनाला फसवतो. तणस निम्मं बसतं, म्हणून तीन इंच हवं तर सहा इंच मोकळं पसरायचं. माझ्याकडे आलेली एक पेंडी जेमतेम चार चौरस फूट झाकायची, म्हणून चोवीस आणल्या, वर दोन गायीच्या नावानं.

दोन्हींपैकी काहीही टाका, पण बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. लिंबू-संत्र्याच्या बुंध्याशी ओल धरली की डिंक्या लागतो, हे आपल्याकडे बागवाल्यांना सांगावं लागत नाही. मिरग लागला की मी निम्मं तणस उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकतो, नाहीतर काळी माती आधीच पाणी धरते, वर गोगलगाईंची वस्ती होते. उरलेलं दिवाळीपर्यंत मातीत जिरतं आणि उन्हाळ्यात पुन्हा नव्या पेंड्या आणाव्या लागतात. चिप्सवाल्यांचा हा त्रास वाचतो, हे कबूल.

चिप्सची दीड बोरी अजून जिन्याखाली पडून आहे. थोडे मी कुंड्यांमध्ये घातले. तिथं ते बरे राहतात, कुंडीत पूर येत नाही.