चेनसॉचा जुना कार्ब्युरेटर दुरुस्त करावा की नवा बसवावा, आणि सायलेन्सर मोकळा करावा का?

चेनसॉ ऐन कामात अडखळू लागला की दुरुस्तीच्या दुकानात सहसा दोन सल्ले मिळतात. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, बदलून टाका, हा पहिला. आणि जोर कमी वाटत असेल तर सायलेन्सर थोडा मोकळा करून घ्या, म्हणजे धूर बाहेर जायची वाट मोठी करा, हा दुसरा. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण गेल्या काही वर्षांत मी दोन्ही अमलात आणले आणि दोन्हींतून काही अंशी मागे फिरलो. माझे मशीन 45 सीसीच्या आसपासचे, एच (भर रेसमधले पेट्रोल जुळवणारा) आणि एल (मंद वेगातले जुळवणारा) असे दोन्ही स्क्रू असलेले साधे टू-स्ट्रोक आहे. सिंधुदुर्गात काजू-आंब्याच्या बागेत छाटणी करणे, जळाऊ लाकूड फोडण्याआधी ओंडके पाडणे आणि वाऱ्यापावसात आडवी झालेली झाडे वाटेतून बाजूला करणे एवढेच त्याचे काम आहे. रोज आठ तास मशीन चालवणाऱ्या लाकूडतोड्याचा हिशेब वेगळा असू शकतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. टाकीतील पेट्रोलची नळी वाकवून बघावी. ती चिरली असेल, आतला फिल्टर तेलकट गाळाने भरला असेल किंवा टाकीत हवा घेणारा ब्रीदर बुजला असेल, तर नवा आणि जुना दोन्ही कार्ब्युरेटर सारखेच रडतात. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या रबरी बुटाला तडा गेला असेल तर बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि ते स्क्रू फिरवून झाकण्याच्या नादात अनेकांनी चांगले पिस्टन घासून घेतलेले मी पाहिले आहेत. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि तिच्यामुळे बरेचदा पुढचा खर्चच टळतो.

आता कार्ब्युरेटरकडे येऊ. यात बहुतेक वेळा धातू बिघडत नाही. बिघडतात ते आतले दोन पातळ पडदे. पंपाचा पडदा क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर फडफडतो आणि पेट्रोल ओढून घेतो. मीटरिंगचा पडदा पेट्रोलची वाट उघड-बंद करणाऱ्या सुईची तरफ दाबून ते पेट्रोल मोजून आत सोडतो. हे पडदे मऊ असतील तोवरच हे सारे जमते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे वाढल्यापासून ते लवकर कडक होतात, असा माझा अनुभव आहे. 2022 मध्ये देशभर 10 टक्क्यांचे मिश्रण झाले आणि 2023 पासून 20 टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, आणि कोकणातल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत टाकी अर्धी भरून मशीन मांगरात (बागेतल्या शेडात) ठेवले की काय होते ते मी ऑक्टोबरमध्ये झाकण उघडून पाहिले आहे. पडदा बोटाने दाबला तर परीक्षेच्या पॅडला लावलेल्या प्लॅस्टिकसारखा कुरकुर वाजत होता, आणि सुईच्या भोवती हिरवट थर बसला होता.

अशा वेळी नवा कार्ब्युरेटर बसवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मूळ कंपनीचा महाग असतो, पण त्याच मापाचा नकलेचा नग मला साडेसहाशे रुपयांना मिळाला. दोन नट सोडायचे, नळ्या आणि रेसची तार जोडायची, आणि अर्ध्या तासात मशीन सुरू. त्या दिवशी मशीन पहिल्या तीन झटक्यांत सुरू झाले, आयडलिंग स्थिर होते आणि मला वाटले की प्रश्न सुटला. थंड मशीनवर तपासणी केली की नव्या कार्ब्युरेटरला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात, हे मान्य केले पाहिजे.

माझे मत बदलले ते एकाच गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट अंगणात तपासताना दिसत नाही. गरम मशीन बंद केल्यानंतर ते पुन्हा सुरू होत नव्हते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा आमच्या पाणंदीवर एक जुना फणस आडवा झाला होता. दोन टाक्या पेट्रोल संपेपर्यंत काम नीट चालले. तिसऱ्यांदा टाकी भरण्यासाठी मशीन बंद केले, मिक्स पेट्रोल ओतले, साखळीचे तेल भरले, एवढ्यात पाच-सात मिनिटे गेली असतील. नंतर दोरी ओढली तर फक्त फुसका आवाज. चोक न लावता दहा वेळा, रेस पूर्ण दाबून दहा वेळा. शेवटी प्लग काढला तर तो पेट्रोलने चिंब. प्लग पुसून, सिलिंडर मोकळा फिरवून, पुन्हा प्लग लावून वीस मिनिटांनी मशीन सुरू झाले. पलीकडे वाडीतल्या एका आजारी माणसाला घेऊन रिक्षा थांबली होती, आणि ओल्या उतारावर दोरी ओढून माझा खांदा भरून आला होता. त्यानंतरच्या महिन्यात दर वेळी हेच घडले: थंड असताना उत्तम, गरम असताना बंद केले की हट्ट.

कारण शोधताना मी तो नकलेचा कार्ब्युरेटर उघडला. सुई तिच्या बैठकीवर नीट बसत नव्हती. मशीन बंद झाले की इंजिनची उष्णता टाकीपर्यंत पोहोचते, टाकीत दाब तयार होतो, आणि ब्रीदर हवा आत घेत असला तरी तो दाब सहज बाहेर जाऊ देत नाही. मग सैल सुईच्या बाजूने पेट्रोल इंजिनात झिरपत राहते. चालू असताना हे कळत नाही, कारण इंजिन ते जाळून टाकते. बंद केल्यावर मात्र ते आत साचते. सगळेच स्वस्त नग असे असतात असे मला म्हणायचे नाही. माझ्या एका नातेवाइकाच्या मशीनवर तसाच नग दोन वर्षे निमूट चालतो आहे. परंतु दुकानातून आणताना चांगला कोणता आणि वाईट कोणता हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि माझ्यासारख्या अधूनमधून मशीन वापरणाऱ्याला तो बिघाड नेमका अडचणीच्या दिवशीच कळतो.

म्हणून मी काढून ठेवलेला जुना कार्ब्युरेटर पुन्हा हातात घेतला. त्याच्या अंगावरचा क्रमांक पाहून साडेतीनशे रुपयांचे मूळ किट आणले: दोन्ही पडदे, पॅकिंग, सुई, तरफ, स्प्रिंग आणि इवलीशी जाळी. काम निवांतपणे करायचे असेल तर एक सकाळ जाते. पांढऱ्या कापडावर भाग क्रमाने मांडावेत आणि उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण पॅकिंग आधी की पडदा आधी हे दोन्ही बाजूंना सारखे नसते आणि नंतर आठवत नाही. पंपाच्या पडद्याखालची जाळी बहुतेक लोक विसरतात. माझ्या कार्ब्युरेटरची कमी झालेली ताकद अर्ध्याहून अधिक त्या जाळीतच अडकली होती, असे मला वाटते. छिद्रांत तार घालू नये आणि पडदे आत असताना कंप्रेसरची हवा मारू नये, एवढे पथ्य पुरते. सर्वांत जास्त वेळ तरफेच्या उंचीला द्यावा. ती वर राहिली तर पेट्रोल जास्त येऊन प्लग भिजतो, खाली राहिली तर भर रेसमध्ये मशीन उपाशी मरते; किटच्या कागदावर दिलेले माप मी पट्टी आडवी ठेवून दोनदा पडताळले.

दोन्ही स्क्रू अलगद बंद करून एकेक फेरा उघडले, मशीन गरम केले आणि मग कानाने जुळवले. या जुन्या कार्ब्युरेटरवर मशीन गरम असताना दोरी एकदा, फार तर दोनदा ओढावी लागते. तीन हंगाम झाले, त्यात फरक पडलेला नाही. माझ्याकडे मोजमापाचे यंत्र नाही, त्यामुळे हा पुरावा म्हणजे माझ्या खांद्याचा अनुभव, एवढेच मी सांगू शकतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या अंगातच थ्रॉटलची (रेसची) दांडी सैल होऊन हलत असेल, खाऱ्या हवेने आतला धातू खरवडला असेल किंवा स्क्रूचे आटे गेले असतील, तर किटचे पैसे वाया जातील आणि नवा, शक्य असल्यास मूळ कंपनीचाच कार्ब्युरेटर घ्यावा. ज्या महागड्या मशीनमध्ये मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळते, त्यांच्या बाबतीत घरी हात घालण्यात अर्थ नाही.

सायलेन्सरचा प्रश्न इथेच येऊन मिळतो, कारण तो कार्ब्युरेटरपासून वेगळा काढून सोडवता येत नाही. बाहेर जायची वाट मोठी केली की इंजिन मोकळा श्वास घेते, जास्त हवा ओढते आणि मिश्रण पातळ होते. मग एच स्क्रू थोडा उघडून पेट्रोल वाढवावे लागते. हल्लीच्या अनेक लहान मशीनमध्ये एच स्क्रूच नसतो, ठरावीक मापाचा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचे न बदलणारे छिद्र, असतो. अशा मशीनचा सायलेन्सर मोकळा करणे म्हणजे पिस्टन गरम करून सीझ (जाम) करण्याची वाट पाहणे होय, असे मी स्पष्टच म्हणेन. स्क्रू असतील तर जुळणीची खूण कानाला कळते: हातात मोकळे धरून पूर्ण रेस दिली की आवाज जरा गुरगुरल्यासारखा तुटक यावा, आणि साखळी लाकडात बसताच ती गुरगुर जाऊन आवाज एकसंध व्हावा. मोकळे असतानाच जर किंचाळल्यासारखा स्वच्छ आवाज येत असेल तर मिश्रण पातळ आहे आणि मशीन लगेच बंद करावे.

मी सायलेन्सरचे जादा झाकण आणून त्यावर हे करून पाहिले. सायलेन्सर काढून, लोखंडाचा कीस सिलिंडरच्या तोंडात जाणार नाही अशी काळजी घेऊन, मूळ भोकाच्या शेजारी दुसरे भोक पाडले आणि एच स्क्रू पाव फेऱ्यापेक्षा थोडा कमी उघडला. फरक खरा होता. चौदा इंची बार (साखळी फिरते ती पट्टी) पूर्ण बुडवून सुक्या आंब्याच्या ओंडक्यात मशीन पूर्वी दबायचे, ते दबेनासे झाले. ज्यांना रोज जाड लाकूड कापायचे आहे त्यांना हा फरक मोलाचा वाटू शकेल. पण माझे काम बहुतांशी मनगटापासून मांडीपर्यंतच्या फांद्यांचे आहे, आणि तिथे मला तो जवळजवळ जाणवला नाही. जाणवला तो आवाज, जो कानाला संरक्षक लावूनही संध्याकाळपर्यंत डोक्यात राहायचा, आणि जाणवली ती भीती. नव्या भोकाला ठिणगी अडवणारी जाळी नव्हती. मार्च-एप्रिलमध्ये काजूखाली पातेरा गुडघाभर असतो आणि कार्बनचा एक तांबडा कण पुरेसा होतो. एका दुपारी मशीन खाली ठेवले तेव्हा बाहेर येणाऱ्या झोताने पुढची पाने तपकिरीची काळी होताना दिसली, त्यानंतर मी ते झाकण वापरले नाही.

त्याऐवजी मूळ सायलेन्सर साफ करणे हा तिसरा पर्याय आहे, आणि तो दुकानात क्वचितच सुचवला जातो. मी पूर्वी पेट्रोलमध्ये साधे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) लिटरला 40 मिली घालत असे. त्याच्या काजळीने सायलेन्सरच्या ठिणगी अडवणाऱ्या जाळीची निम्मी भोके बुजली होती. जाळी काढून गॅसच्या ज्योतीवर लाल केली, थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासली, सिलिंडरचे तोंड पिस्टनने झाकून तिथली काजळी लाकडी काडीने खरवडली. मशीनला जो जोर गेलेला वाटत होता त्यातला बहुतेक एवढ्यानेच परत आला. आता मी चांगल्या प्रतीचे तेल मशीनच्या पुस्तिकेनुसार लिटरला 20 मिली वापरतो आणि पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून, आतले उरलेले पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

किट घ्यायला जाताना मशीनचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच मशीनवर वेगवेगळ्या वर्षी वेगळे कार्ब्युरेटर बसवलेले असतात. कार्ब्युरेटर काढून, पेट्रोलने पुसून, त्याच्या अंगावर कोरलेली अक्षरे आणि अंक यांचा फोटो न्यावा. आणि दुकानदाराने दाखवलेला मीटरिंगचा पडदा जुन्या पडद्यावर ठेवून मधला खिळा आणि कडेची भोके जुळतात का, हे काउंटरवरच पाहून घ्यावे.