डिनायल मॅनेजमेंटचे प्रशिक्षण आणि त्यानंतरची नोकरी: काही महिन्यांनंतरचा अनुभव

अमेरिकेतील आरोग्यविम्याचे नाकारले गेलेले क्लेम हाताळण्याच्या कामाला या क्षेत्रात डिनायल मॅनेजमेंट म्हणतात. फिजिओथेरपीची पदवी घेतल्यानंतर मी पुण्यातील एका खासगी संस्थेत या कामाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केला आणि पाठोपाठ खराडीतील एका कंपनीत रुजू झाले. फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, होमिओपॅथी किंवा जीवशास्त्र शिकलेले अनेक जण पुणे, नवी मुंबई आणि हैदराबाद येथे याच वाटेने येतात. अभ्यासक्रम कसा आहे हे वर्गात बसून कळत नाही. कामाच्या टेबलावर त्यातले काय उपयोगी पडते यावरून ते ठरते. म्हणून काही महिने काम केल्यानंतरच हे लिहीत आहे. संस्थेचे आणि कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण येथे सांगितलेल्या उणिवा मला या क्षेत्रात सर्रास आढळल्या.

कामाचे स्वरूप आधी सांगते. रुग्ण तपासून गेला की डॉक्टरांचा दवाखाना सीएमएस-१५०० या नमुन्यात आणि रुग्णालय यूबी-०४ या नमुन्यात विमा कंपनीकडे क्लेम पाठवते. त्यात आजार आयसीडी-१०-सीएम या संकेतांत लिहिलेला असतो, जे अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत, आणि उपचार अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी संकेतांत. विमा कंपनीचे उत्तर येते तेव्हा प्रत्येक ओळीसमोर किती रक्कम दिली आणि उरलेली का दिली नाही याचा संकेत असतो. हा संकेत वाचणे, त्यामागचे खरे कारण शोधणे आणि मग क्लेम दुरुस्त करून पाठवायचा, अपील करायचे की रक्कम सोडून द्यायची हे ठरवणे, एवढे हे काम आहे.

अभ्यासक्रमाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे ईओबी, म्हणजेच विमा कंपनीचे हे उत्तरपत्र, वाचण्याचा सराव. रुग्णाची ओळख पुसलेली अनेक उत्तरपत्रे आमच्यासमोर ठेवली गेली आणि ती ओळीओळीने वाचून घेतली गेली. १६ क्रमांकाचा नकार म्हणजे माहिती अपुरी किंवा बिलात चूक, १८ म्हणजे तोच क्लेम पुन्हा आला, २७ म्हणजे विमा संपल्यानंतरचा उपचार, २९ म्हणजे मुदत उलटली, ५० म्हणजे वैद्यकीय गरज सिद्ध नाही, ९७ म्हणजे हा उपचार दुसऱ्या उपचाराच्या रकमेतच धरलेला आहे, १९७ म्हणजे पूर्वपरवानगी नाही. हे संकेत आता मला पाठ आहेत आणि त्यांचा रोज उपयोग होतो. मात्र संस्थेने ते पाढ्यांसारखे घोकून घेतले, आणि पाठांतराच्या पुढे जे शिकवायला हवे होते ते निसटले.

१६ क्रमांकाचेच पाहा. तो एकटा काहीच सांगत नाही. त्याच्याबरोबर येणारा शेऱ्याचा संकेत पाहिला तरच नेमके काय राहिले ते कळते: संदर्भ देणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक, मॉडिफायर (उपचाराच्या संकेताला जोडायची दोन अक्षरांची किंवा आकड्यांची खूण) की आणखी काही. दुरुस्त क्लेम पाठवतानाही एक बारकावा आहे. बहुतेक खासगी विमा कंपन्यांकडे तो बदली क्लेम आहे हे सांगणारा ७ हा आकडा आणि मूळ क्लेमचा क्रमांक द्यावा लागतो. तो न देता नवा क्लेम म्हणून पाठवला तर आधीची चूक सुधारूनही १८ क्रमांकाचा नकार हातात पडतो. मुदत उलटल्याच्या नकारातही हेच. क्लिअरिंगहाऊसने, म्हणजे क्लेम विमा कंपनीपर्यंत पोहोचवणाऱ्या मध्यस्थ संस्थेने, फाईल घेतल्याची पावती आणि विमा कंपनीने क्लेम स्वीकारल्याचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भक्कम पुरावा दुसरा आहे. वर्गात यांतले काहीही आले नव्हते. मला ते कंपनीतील एका वरिष्ठ ताईंनी शेजारी बसवून शिकवले, आणि त्या नसत्या तर पहिले काही आठवडे फार जड गेले असते.

अभ्यासक्रमाने ज्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले ती गोष्ट माझ्या मते या कामात सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक नकाराच्या आकड्याआधी दोन अक्षरे असतात. सीओ असेल तर ती रक्कम दवाखान्याने करारानुसार सोसायची असते, रुग्णाकडून मागता येत नाही. पीआर असेल तर ती रुग्णाच्या नावावर जाते. पूर्वपरवानगी दवाखान्याने घ्यायची राहिली असेल आणि दवाखाना विमा कंपनीच्या करारात असेल, तर तो भार सामान्यतः रुग्णावर येता कामा नये. पण तोच नकार चुकून पीआर म्हणून आला आणि टेबलावरच्या माणसाने तो न तपासता पुढे सरकवला, तर एका आजारी माणसाच्या घरी मोठ्या रकमेचे बिल जाते. त्या माणसाशी आपले कधी बोलणे होत नाही, तो कोणत्या राज्यात राहतो एवढेच पडद्यावर दिसते. तरीही त्याच्या संसारावर परिणाम करणारा निर्णय खराडीत मध्यरात्री होत असतो. प्रशिक्षणाचा पहिला आठवडा या दोन अक्षरांवर घालवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

रुग्ण स्वतः दाद मागेल असे गृहीत धरता येत नाही. आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या अमेरिकी संस्थेच्या विश्लेषणानुसार, हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या योजनांमध्ये २०२३ साली करारातील डॉक्टर-रुग्णालयांचे १९ टक्के क्लेम नाकारले गेले. नाकारलेल्यांपैकी १ टक्क्याहूनही कमी प्रकरणांत विमाधारकांनी अपील केले, आणि अपिलांपैकी ५६ टक्क्यांत कंपनीने आपला निर्णय कायम ठेवला. उरलेल्या अपिलांत निर्णय फिरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनीही एप्रिल २०२२ च्या अहवालात, मेडिकेअर हा प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा खासगीरीत्या चालवणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज कंपन्यांनी नाकारलेल्या देयकांचा नमुना तपासला, तेव्हा त्यांतील १८ टक्के देयके मेडिकेअरच्या नियमांत बसणारी होती. याचा अर्थ प्रत्येक नकार अन्यायाचा असतो असे नव्हे. पण फाईल उघडून पाहणारा माणूस असला पाहिजे, एवढे यातून निश्चित दिसते.

माझ्या शिक्षणाचा खरा उपयोग ५० क्रमांकाच्या नकारांत झाला. आमच्या संघाकडे पुनर्वसन केंद्रांचे क्लेम असतात. तेथील टिपणांत बहुतेक वेळा ‘रुग्णाने व्यायाम व्यवस्थित केला’ असे एकच वाक्य दर भेटीला लिहिलेले असते, आणि विमा कंपनीचा तपासनीस त्यावरून कुशल थेरपिस्टची गरज नव्हती असा निष्कर्ष काढतो. पण त्याच फाईलमध्ये पहिल्या तपासणीतील सांध्याच्या हालचालीचे अंश, स्नायूंच्या ताकदीची श्रेणी, चालताना लागणारा आधार असे सगळे असते. ते वेचून, तारखेनुसार लावून, उपचाराच्या उद्दिष्टाशी जोडून पत्र लिहिले तर त्या पत्राला वजन येते. मेडिकेअरच्या रुग्णांबाबत तर जानेवारी २०१३ मध्ये मंजूर झालेल्या जिमो खटल्यातील न्यायालयीन तडजोडीने स्पष्ट केले आहे की रुग्णात सुधारणा होण्याची शक्यता नाही एवढ्याच कारणाने कुशल उपचार नाकारता येत नाहीत. आहे ती स्थिती टिकवण्यासाठी कुशल हात लागत असतील तरीही ते देय ठरतात. हे मला ठाऊक असणे आणि त्याचा आधार घेऊन अर्धांगवायूच्या किंवा पार्किन्सनच्या रुग्णासाठी लिहिणे, यात मला दवाखान्यात काम केल्याइतके समाधान मिळते.

वेळेवर आधारित उपचारांची गणितेही येथेच उपयोगी पडतात. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे १५ मिनिटांच्या एका एककासाठी किमान ८ मिनिटे आणि दोन एककांसाठी किमान २३ मिनिटे प्रत्यक्ष उपचार नोंदलेला असावा लागतो. फिजिओथेरपीच्या क्लेमवर जीपी मॉडिफायर लागतो, आणि वर्षाची ठरावीक रक्कम ओलांडली, जी २०२५ साठी २,४१० डॉलर होती, की केएक्स मॉडिफायर लावून गरज असल्याची ग्वाही द्यावी लागते.

अपिलाचे लेखन अभ्यासक्रमात एका तासात उरकले गेले, ही माझी मोठी तक्रार आहे. एक तयार मसुदा दिला गेला आणि रिकाम्या जागा भरायला सांगितल्या. प्रत्यक्षात मूळ, म्हणजे सरकार स्वतः चालवते त्या, मेडिकेअरचे अपील पाच पायऱ्यांचे असते, पहिल्या पायरीला १२० दिवसांची मुदत असते आणि शेवटची पायरी थेट संघराज्य न्यायालयाची. खासगी कंपन्यांच्या मुदती करारानुसार बदलतात. कोणत्या पायरीवर कोण वाचणार आहे, त्याला कोणता कागद हवा आहे आणि कंपनीच्याच धोरणातील कोणती अट पूर्ण झाली आहे, हे पत्राने सांगायचे असते. अमेरिकेतील रुग्णालयांत याच कामासाठी अनुभवी परिचारिका नेमलेल्या असतात. आपल्याकडे मात्र नोकरीचे नाव ‘एआर कॉलर’ (येणे रकमेसाठी फोन करणारा) असते आणि भर फोनवर असतो. विमा कंपनीच्या प्रतिनिधीची वाट पाहत होल्डवर बसणे, क्लेमची स्थिती विचारणे, कॉलचा संदर्भ क्रमांक टिपून घेणे हे आवश्यक आहे, पण हा भाग पोर्टल आणि स्वयंचलित प्रणाली वेगाने ताब्यात घेत आहेत. ज्यांना येथे टिकायचे आहे त्यांनी वाचन आणि लेखन हेच आपले कौशल्य मानावे.

नोकरीतील त्रासही सांगायला हवेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ८ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे बदलली की आपले जेवण, झोप आणि घरी परतण्याची गाडी सगळेच तासभर सरकते. पश्चिम किनाऱ्याचे काम मिळाले तर पहाट होते. घरात लहान मूल किंवा वृद्ध असतील तर होकार देण्यापूर्वी घरच्यांशी बोलावे. दुसरा त्रास टार्गेटचा. दिवसाला किती क्लेम हाताळले हे मोजले जाते, त्यांतील किती खरोखर सुटले हे त्या मानाने कमी. यामुळे ज्या अवघड फायलीत सर्वाधिक विचार लागतो तीच वर्कलिस्टमध्ये मागे पडत जाते आणि एके दिवशी तिची मुदत संपते. ही मोजणीची पद्धत मला चुकीची वाटते, आणि मी ते आमच्या टीम लीडना लेखी कळवलेही आहे.

नातेवाईक आता आपल्या मेडिक्लेमची नकारपत्रे घेऊन येतात. अमेरिकेचे संकेत तेथे चालत नाहीत, पण नकाराचे नेमके कलम मागणे, पॉलिसीतील मूळ शब्द वाचणे आणि सगळे लेखी ठेवणे ही सवय जशीच्या तशी लागू पडते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तिने नाकारली किंवा महिनाभर उत्तर दिले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे अर्ज, ही वाट विनाशुल्क आहे आणि पुण्यात त्यांचे कार्यालयही आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: उत्तरपत्रे किती वाचून घेणार, अपिले स्वतः लिहून घेऊन तपासणार का, आणि शिकवणाऱ्याने स्वतः या टेबलावर काम केले आहे का. नोकरीच्या हमीची जाहिरात यापुढे गौण आहे. मी पुढे एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी ही वैद्यकीय कोडिंगची (उपचारांना संकेत देण्याची) प्रमाणपत्र परीक्षा देण्याचे ठरवले आहे. चार तासांत १०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. ९७ क्रमांकाचे नकार आणि ५९ मॉडिफायरचे (उपचार स्वतंत्र होता असे सांगणाऱ्या खुणेचे) वाद कोडिंग नीट आल्याशिवाय ठामपणे लढवता येत नाहीत, हे या महिन्यांत मला कळले आहे.