मेंदूच्या नकाशात रंग कुठे भरायचा? व्हॉक्सेल, क्लस्टर, एफडीआर आणि टीएफसीई

एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो ते टिपणारं स्कॅन. त्याचं विश्लेषण शेवटच्या टप्प्यावर आलं की एकच प्रश्न उरतो. मेंदूच्या चित्रातले कोणते ठिपके रंगवायचे आणि कोणते राखाडी ठेवायचे? एसपीएम, एफएसएल किंवा एएफएनआय यांपैकी विश्लेषणाचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडलं की पर्यायांची रांग समोर येते आणि बहुतेक जण लॅबमधल्या सीनियरने जे वापरलं तेच दाबून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की पद्धतीच्या आधी निष्कर्षाचं वाक्य लिहून काढावं. ‘अमिग्डलाच्या या बिंदूपाशी प्रतिसाद वाढला’ असं म्हणायचंय, की ‘या पट्ट्यात कुठेतरी परिणाम आहे’ एवढंच? पद्धतीची निवड बरीचशी तिथेच होते.

एकाच वेळी हजारो चाचण्या घेतल्या की काही योगायोगानेच सार्थ दिसतात; त्यासाठी उंबरठा कडक करणं म्हणजे दुरुस्ती. ती मुळीच न करण्याचा पर्याय पहिल्यांदा निकालात काढू. मेंदूत एक लाख व्हॉक्सेल (स्कॅनमधले छोटे घनाकृती ठिपके) धरले आणि प्रत्येकाची ०.००१ वर, म्हणजे हजारात एक योगायोग चालवून, चाचणी घेतली, तर काहीही घडत नसताना सरासरी शंभर व्हॉक्सेल उजळणारच. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या प्रयोगात मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’ आणि फोटोतल्या व्यक्तीला काय वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. ८०६४ पैकी १६ व्हॉक्सेल ‘सक्रिय’ निघाले. दुरुस्ती करताच सगळे गायब. २०१२ मध्ये या कामाला इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. तरीही ‘०.००१ आणि किमान १० व्हॉक्सेल’ हा घरगुती नियम अजून दिसतो. तो नियंत्रणासारखा वाटतो एवढंच. खोट्या निष्कर्षांचं प्रमाण किती, हे त्यातून ठरत नाही.

व्हॉक्सेल-पातळीवरचं एफडब्ल्यूई (फॅमिली-वाइज एरर) नियंत्रण हा सर्वांत कडक मार्ग. संपूर्ण मेंदूत एकसुद्धा खोटा व्हॉक्सेल येण्याची शक्यता ५ टक्क्यांवर रोखायची. बॉन्फेरोनीने, म्हणजे ५ टक्क्यांना चाचण्यांच्या संख्येने भागून, एक लाख व्हॉक्सेलसाठी उंबरठा ०.००००००५ इतका खाली जातो. शेजारचे व्हॉक्सेल एकमेकांसारखेच वागतात, त्यात आपण स्मूदिंग (शेजाऱ्यांशी सरासरी काढून नकाशा मऊ करणं) केलेलं असतं, त्यामुळे हे गरजेपेक्षा जास्त कठोर ठरतं. रँडम फील्ड सिद्धांत ही गुळगुळीतपणाची बाब हिशेबात घेतो, पण स्मूदिंग कमी असेल तर तोही ताठरच. याचा फायदा एकच, पण मोठा: जो व्हॉक्सेल टिकला, त्याच व्हॉक्सेलबद्दल तुम्ही बोलू शकता. वीस जणांच्या अभ्यासात मात्र हाती काहीच न लागण्याची तयारी ठेवा.

एफडीआर (फॉल्स डिस्कव्हरी रेट) थोडं सैल आहे. जाहीर केलेल्या व्हॉक्सेलपैकी सरासरी ५ टक्के खोटे चालतील, असा करार. हजार व्हॉक्सेल रंगले तर साधारण पन्नास खोटे असू शकतात, कोणते ते कळत नाही. मला खटकते ती दुसरी गोष्ट. टास्कमध्ये दृश्य भाग जोरात पेटला, तर त्याच्यामुळे उंबरठा सगळ्या मेंदूसाठी खाली येतो आणि लांब कुठेतरी कपाळामागे दोन-चार ठिपके फुकटात उजळतात. तुमचं गृहीतक नेमकं त्या ठिपक्यांबद्दल असेल, तर फसगत ठरलेली. पुढच्या प्रयोगासाठी भाग हुडकायचे असतील तेव्हा एफडीआर ठीक.

आता क्लस्टर. यावर वाद जास्त झाला आणि वापरही सर्वाधिक इथेच आहे. आधी प्रत्येक व्हॉक्सेलला एक प्राथमिक उंबरठा लावायचा, त्यावरचे लागून असलेले व्हॉक्सेल एक गट मानायचे आणि एवढा मोठा गट योगायोगाने बनेल का ते तपासायचं. पसरट, मंद परिणाम पकडायला हे चांगलं. पण अर्थ लावताना जपा. क्लस्टर सार्थ ठरलं म्हणजे त्यात कुठेतरी परिणाम आहे, इतकंच. बिल्डिंगमध्ये निदान एका घरात दिवा लागलाय, हे कळलं. कुठल्या मजल्यावर ते नाही. प्राथमिक उंबरठा ०.०१ ठेवला की क्लस्टर इन्सुलापासून स्ट्रायटमपर्यंत पसरतं आणि लेखक तक्त्यात पाच भागांची नावं लिहून मोकळा होतो. त्या पाचपैकी एकाही भागाबद्दल स्वतंत्र पुरावा नसतो.

२०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी ४९९ निरोगी लोकांचा विश्रांत अवस्थेतला डेटा घेऊन खोटे-खोटे टास्क रचले आणि सुमारे तीस लाख गट-विश्लेषणं चालवली. ५ टक्के अपेक्षित असलेला चुकीचा दर काही मांडण्यांत ७० टक्क्यांपर्यंत गेला. कारण हे की शेजारच्या व्हॉक्सेलमधला संबंध अंतरानुसार सिद्धांतात धरला होता तितका झपाट्याने विरत नाही. ०.०१ वर हाल सर्वांत वाईट, ०.००१ वर बरीच सुधारणा. एएफएनआयच्या एका प्रोग्राममधला पंधरा वर्षं जुना बगही याच कामात सापडला. बातम्यांत ‘चाळीस हजार अभ्यास बाद’ असं गाजलं, ते वाक्य नंतर लेखकांनीच दुरुस्त केलं.

यावर उतारा परम्युटेशनचा, म्हणजे डेटाच पुन्हा पुन्हा उलटापालटा करून योगायोगाने काय दिसू शकतं ते पाहण्याचा. एका गटाच्या चाचणीत प्रत्येक सहभागीच्या नकाशाचं चिन्ह हवं तसं उलटवायचं, पाच हजार वेळा हेच करायचं आणि दर वेळचं सर्वांत मोठं क्लस्टर टिपून ठेवायचं. गुळगुळीतपणाबद्दल काही गृहीत धरावं लागत नाही. चिन्ह उलटवताना चुकांचं वितरण सममित आहे असं मात्र धरलेलं असतं आणि पाचच सहभागी असतील तर बत्तीसच शक्यता उरतात.

एफएसएलमधलं परम्युटेशनचं साधन रँडमाइज वापरणाऱ्यांनी एक बारकावा पाहावा. ३.१ हा आकडा झेड-मूल्यासाठी ०.००१ देतो, पण रँडमाइजमधला क्लस्टरचा उंबरठा टी-मूल्यावर लागतो. वीस जण असतील तर ०.००१ साठी टी सुमारे ३.५८ लागतो. सवयीने ३.१ टाकलंत तर प्रत्यक्षात ०.००३ च्या आसपास बसता आणि पेपरमध्ये मात्र ०.००१ छापता.

स्मिथ आणि निकोल्स यांच्या २००९ च्या टीएफसीईने (थ्रेशोल्ड-फ्री क्लस्टर एन्हान्समेंट) प्राथमिक उंबरठ्याची कटकटच काढून टाकली: सगळे उंबरठे घेऊन प्रत्येकावर उंची आणि पसारा यांच्या घातांचा गुणाकार करायचा आणि त्या सगळ्यांची बेरीज. वेळ जास्त लागतो, पण संगणक रात्रभर मोकळा असेल तर ती अडचण नाही. उंबरठा कुठला घेऊ यावर लॅबमध्ये भांडण चालू असेल तर मी सरळ हाच निवडेन. फक्त त्याचं व्हॉक्सेलनिहाय पी-मूल्य पाहून एफडब्ल्यूईइतकं नेमकं स्थान मिळालं असं समजू नका. शेजाऱ्यांचा आधार त्यात मिसळलेला असतो.

म्हणून माझी शिफारस: गृहीतक एका लहान, आधीच ठरवलेल्या भागाबद्दल असेल तर त्या भागापुरतीच व्हॉक्सेल-पातळीची दुरुस्ती. संपूर्ण मेंदू धुंडाळायचा असेल तर परम्युटेशनसह टीएफसीई, किंवा ०.००१ वर क्लस्टर. निवड नकाशा पाहण्याआधी लिहून ठेवा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० संघांना एकच डेटा आणि तीच नऊ गृहीतकं दिली, तर कुठल्याही दोन संघांची कार्यपद्धती सारखी निघाली नाही आणि होय-नाहीच्या उत्तरांत मोठी तफावत पडली. मात्र उंबरठा लावण्याआधीचे त्यांचे नकाशे बऱ्याच अंशी जुळत होते. तेव्हा तुमचाही न कापलेला नकाशा न्यूरोव्हॉल्टवर (मेंदूच्या नकाशांचं खुलं ऑनलाइन भांडार) टाका. पुढचा माणूस हवा तो उंबरठा लावून पाहील.